निळा उजेड डोळ्यांना कमी, प्रवाळांना जास्त: टी-फाइव्हवरून एलईडीवर गेलेल्या एका टाकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यातली ही खाऱ्या पाण्याची टाकी. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. खालचा सम्प (पाणी गाळायची जोडटाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण ३८० लिटर. वय साडेतीन वर्षे, म्हणजे कच्ची टाकी नव्हे. वरच्या खडकावर हिरवी ॲक्रोपोरा आणि गुलाबी बर्ड्‌सनेस्ट, त्यांच्या शेजारी ताटलीसारखी पसरणारी लाल माँटिपोरा. मधल्या टप्प्यावर टॉर्च आणि हॅमर, वाळूलगत मश्रूम आणि झोआ; ही सगळी प्रवाळांच्या प्रकारांचीच नावे. सगळे फ्रॅग, म्हणजे लावायला तोडलेले प्रवाळाचे तुकडे, दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेले, समुद्रातून काढलेले एकही नाही.

भारतातल्या वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी दगडी प्रवाळे आली. मालवणच्या किनाऱ्यावरून एखादा जिवंत तुकडा उचलून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. खाली लिहिलेला उजेडाचा हिशेब कुठेही तोच राहतो, कायदा मात्र देशागणिक बदलतो.

या टाकीवर ५४ वॉटच्या ६ टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब होत्या, पाण्यापासून हातभर उंचीवर. ट्यूब १४ महिने बदललेल्या नव्हत्या. साधारण ९ ते १२ महिन्यांत त्यांचा उजेड बराच उतरतो. तो इतका सावकाश उतरतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि प्रवाळेही त्या उतरत्या उजेडाला जुळवून घेत जातात. नव्या ट्यूब घेण्याऐवजी मालकांनी २ एलईडी दिवे घेतले. वीज वाचेल, उन्हाळ्यात पाणी तापणार नाही आणि ॲक्रोपोरा जरा जोमाने वाढेल, असा विचार होता. विचार चुकीचा नव्हता.

काय घडले

शनिवारी दुपारी ट्यूबचा हूड उतरवून गॅरेजमध्ये ठेवला आणि दोन्ही एलईडी पाण्यापासून २० सेंटिमीटरवर टांगले. सुरुवात ४० टक्क्यांवर केली. रंगाचा कल बराच निळ्याकडे होता. मालकांची आई साताऱ्याहून आलेली होती. तिने सोफ्यावरून बघून म्हटले, “नवे दिवे म्हणालास, आणि हा तर निळा अंधारच की रे!” मालकांनाही तसेच वाटत होते. दिवे ६० टक्क्यांवर गेले. ॲपने ‘सवय लावण्याचा कार्यक्रम चालू करायचा का’ असे विचारले. आधीच उजेड कमी दिसतोय, आणखी कमी कशाला, म्हणून तो नाकारला.

चौथ्या दिवशी माँटिपोराची वरची बाजू विटकरी लालवरून फिकट गुलाबी झाली. सहाव्या दिवशी ॲक्रोपोराच्या वरच्या फांद्या पिवळट पडल्या आणि टॉर्च दिवसभर मिटून राहू लागला. पाण्याच्या चाचण्या ‘उत्तम’ आल्या: नायट्रेट १, फॉस्फेट ०.००. क्षारता, म्हणजे प्रवाळे सांगाडा बांधायला वापरतात त्या कार्बोनेटचे पाण्यातले प्रमाण, तीही ८.३ डीकेएच (तिचे एकक) होती. पाणी चांगले, मग कीड असणार, या तर्काने सातव्या दिवशी ॲक्रोपोरा आणि बर्ड्‌सनेस्ट खडकावरून सुट्या करून आयोडीनच्या द्रावणात १० मिनिटे बुडवल्या. कीड एकही पडली नाही. आठव्या रात्री बर्ड्‌सनेस्टचे मांस बुंध्यापासून सुटू लागले आणि सकाळी पांढरा सांगाडा उरला.

नवव्या दिवशी स्थानिक रीफ क्लबकडून (प्रवाळांच्या टाक्या पाळणाऱ्या हौशींचे मंडळ) पॅर मीटर उसना आणला.

मीटरने काय सांगितले

पॅर म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड. तो एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो ते मोजतात. आपला डोळा हे मोजत नाही. तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याची दाद जेमतेम ४ टक्के. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचे नेमके उलट: निळा हा त्याच्या आवडीचा घास. त्यामुळे निळा एलईडी बैठकीतून मंद दिसतो आणि खडकावर भट्टीसारखा पडतो.

तुलना करायची तर जुना आकडा हवा, आणि तो कुणीच कधी घेतला नव्हता. सुदैवाने हूड गॅरेजमध्येच होता. एका संध्याकाळी तो परत टांगला, ट्यूब पूर्ण उजेडावर याव्यात म्हणून अर्धा तास थांबले, आणि मोजून लगेच काढला. काम तासाभराचे, पण या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी पडले ते हेच.

मोजायची रीतही नीट पाळली. सेन्सर काठीला बांधून अगदी आडवा, तोंड वर. हाताची सावली पडू द्यायची नाही. पंप चालू, कारण प्रवाळ हलत्या पाण्याखालीच राहते. लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून २० सेकंदांची सरासरी. लांबीत ८ आणि रुंदीत ३ अशा २४ जागा, वरच्या खडकाच्या पातळीला. मधल्या टप्प्यावर आणि वाळूवर मोजक्याच जागा.

ॲक्रोपोराच्या जागी टी-फाइव्हखाली १८५ आले. ६० टक्के एलईडीखाली त्याच जागी ४३०. शिवाय ट्यूबखाली या पातळीवर सगळीकडे १५० ते १९० असा सपाट उजेड होता. एलईडीखाली दिव्याच्या बरोबर खाली ४३०, दोन दिव्यांच्या मध्ये २४० आणि कडेला १५०. म्हणजे कडेच्या झोआला काहीच कळले नव्हते आणि अडीच फुटांवरची ॲक्रोपोरा होरपळत होती.

दिवसाच्या हिशेबात बघितले तर फरक आणखी ठसतो. पॅर गुणिले तास गुणिले ३६००, भागिले १० लाख. आधी १८५ वर ८ तास, म्हणजे दिवसाला ५.३ मोल. नंतर ४३० वर ८ तास, म्हणजे १२.४. एका रात्रीत दुपटीहून जास्त.

शैवालाला पेलवेल त्याहून जास्त उजेड मिळाला की उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकू लागते. समुद्रात याला बहुधा तापलेले पाणी निमित्त होते आणि उजेड त्यात भर घालतो. इथे पाणी २५.५ अंश होते, उष्णतेचा संबंध नव्हता. सावकाश वाढलेल्या उजेडाला प्रवाळ जुळवून घेते: शैवालातले हरितद्रव्य कमी करते, संरक्षक रंगद्रव्ये वाढवते. त्याला आठवडे लागतात, आणि इथे त्याला एक रात्र मिळाली होती.

फॉस्फेट ०.०० हा आकडा ‘उत्तम’ मुळीच नव्हता. फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त माती वर्षभर पाणी खेळवणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे रिअॅक्टरमध्ये फिरत होती. फॉस्फेटची उपासमार झालेले शैवाल जास्त उजेडात आधी कोलमडते.

कीड की उजेड, हे भिंगाने ५ मिनिटांत कळले असते. उजेडाने फिकट पडलेल्या प्रवाळावर मांस शाबूत असते, फक्त पारदर्शक. त्यातून सांगाडा दिसतो, पॉलिप (प्रवाळाचे बारीक जीव) जागच्या जागी असतात. फिकटपणा दिव्याकडच्या बाजूला, फांदीच्या खालच्या अंगाला मूळ रंग. चपट्या कृमींनी खाल्लेल्या ॲक्रोपोरावर चाव्यांचे गोल ठिपके दिसतात, बुंध्याशी अंडी सापडतात, आणि ते सावलीच्या बाजूलाही असतात. या टाकीत सावली पाडणाऱ्या एका खडकामागची माँटिपोराची कड गडद लाल होती. उत्तर तिथेच लिहिलेले होते.

कोणते पर्याय होते

टी-फाइव्ह परत लावणे हा पहिला विचार. हूड हाताशी होता, आकडाही माहीत झाला होता. पण पुन्हा रंग आणि सावल्यांची दिशा बदलणार आणि महिन्याभराने हाच प्रवास परत करावा लागणार. सोडला.

प्रवाळे खाली हलवणे. फ्रॅग प्लगवर, म्हणजे सुट्या छोट्या बैठकीवर, असतील तर सोपे. इथे माँटिपोरा खडकाला चिकटून पसरलेली, तोडल्याशिवाय हलणार नव्हती. ॲक्रोपोरा एकदा सुटी करून बुडवून झाली होती; तिला पुन्हा हात लावणे म्हणजे आजाऱ्याला रोज खाट बदलायला लावणे.

टाकीवर जाळीचे थर टाकून दर आठवड्याला एक काढणे. ही मेटल हॅलाइड या जुन्या प्रखर दिव्यांच्या काळातली चांगली युक्ती. तेव्हा दिवा मंद करता येत नसे. मंद होणाऱ्या एलईडीखाली तिचे काम नाही, आणि जाळीवर मीठ साचून कोणत्या आठवड्यात किती उजेड गेला ते कळेनासे होते.

फक्त तास कमी करणे. बरेच जण हेच करतात. ४३० चा दिवा ८ ऐवजी ४ तास लावला तर दिवसाची बेरीज निम्मी होते, पण त्या ४ तासांत झळ तेवढीच बसते. जोडीला ठीक, एकटा पुरेसा नाही.

एकदम १० टक्क्यांवर उतरणे. घाबरलेल्या माणसाचा हात इथेच जातो. फिकट प्रवाळाकडे शैवाल थोडे उरलेले असते आणि त्याचे बहुतेक पोट त्यावरच चालते. काळोखात ठेवले तर उजेडाने वाचलेले प्रवाळ उपासमारीने जाते.

काय केले

आधी दिवे २० वरून २८ सेंटिमीटरवर उचलले आणि परत मोजले. ६० टक्क्यांवर दिव्याखाली आता ३७२, दोन दिव्यांच्या मध्ये २५५. दिव्याखालचा प्रखर डाग पुसट झाला. १ टक्क्याला साधारण ६.२ पॅर पडत होते. दिवा मंद केल्यावर आकडा अगदी सरळ रेषेत उतरेलच असे नाही, म्हणून ३० आणि ४५ टक्क्यांवरही मोजून खात्री केली.

मग २६ टक्के, म्हणजे ॲक्रोपोराच्या जागी १६१. जुन्या १८५ च्या थोडे खाली, आजारपणाची सूट म्हणून. पूर्ण उजेड ६ तास, सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास चढ-उतार. निळ्या आणि पांढऱ्याचे प्रमाण पक्के करून त्याला कुलूप घातले. पांढरी वाहिनी, म्हणजे दिव्यातला पांढरा उजेड, वाढवली की पॅर बदलतो, आणि ‘जरा उजळ दिसावी’ म्हणून पाहुण्यांसमोर कुणीतरी ती वाढवतोच.

टॉर्चचा फ्रॅग प्लगवर होता, तो तेवढा एक टप्पा खाली घेतला. बाकी कशालाही हात लावला नाही.

फॉस्फेटची माती काढली, माशांचे खाणे वाढवले. उद्दिष्ट फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आणि नायट्रेट ५. टॉर्च आणि हॅमरला आठवड्यातून दोनदा, रात्री, बारीक चिरलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव).

इथवर ठीक चालले असताना बाराव्या दिवशी क्षारता ७.१ निघाली. ८.३ वरून १.२ खाली, आणि कारण पुन्हा दिवेच, पण आडवाटेने. या टाकीत उडालेल्या पाण्याची भर चुन्याच्या निवळीने होत असे. हौशी लोक तिला काल्कवासर म्हणतात. पाणी उडेल तेवढी निवळी पडते, आणि क्षारता त्यातूनच येते. ३२४ वॉटच्या ट्यूब पाणी तापवून दिवसाला ३ लिटर उडवत होत्या. एलईडीखाली उडू लागले २.१ लिटर. पूर्ण संपृक्त निवळीच्या १ लिटरमध्ये साधारण ११४ डीकेएच-लिटर क्षारता असते, ०.९ लिटर कमी म्हणजे ३८० लिटरला रोज ०.२७ चा तोटा. १२ दिवसांत ३ हून जास्त उतरायला हवी होती. १.२ नेच उतरली, कारण फिकट प्रवाळे सांगाडा जवळजवळ बांधतच नव्हती. खप कमी झाल्याने तोटा झाकला गेला होता, आणि प्रवाळे सावरू लागली की तो उघडा पडणार होता.

निवळी आधीच संपृक्त, आणखी दाट करता येत नाही. म्हणून खाण्याचा सोडा. या टाकीला १ डीकेएचसाठी ११.४ ग्रॅम. रोज ४.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू ओतला: त्यातले सुमारे ०.१ रोजच्या तुटीला, उरलेले ०.३ चढायला. चार दिवसांत ८.३. एका दिवशी १.२ ची उडी घेतली असती तर फिकट ॲक्रोपोराच्या टोकांना तो तिसरा फटका बसला असता. बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा एक नव्हेत. डब्यावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेले हवे.

पुढचे वेळापत्रक: दर रविवारी फोटो आणि क्षारता, सगळे ठीक असेल तर सोमवारी २ टक्के वाढ, म्हणजे साधारण १२ पॅर. शंका असेल तर आठवडाभर तिथेच. मागे यायचे तर २ नाही, ४ टक्के. त्या आठवड्यात दुसरा कोणताही बदल करायचा नाही. पंप नवा नाही, मीठ नवे नाही, खडक हलवणे नाही. शेवट ४४ टक्के, २७३ पॅर, ८ तास.

फोटोंबद्दल थोडे. निळ्या उजेडात फोन स्वतःच रंग ठरवतो आणि फिकट प्रवाळही झगमगते. फोटो काढताना १० मिनिटे ठरावीक पांढऱ्या सेटिंगवर दिवे ठेवून, त्याच जागेवरून, फोनचा रंगतोल पक्का करून काढले. सोबत क्वीन्सलँड विद्यापीठातल्या कोरलवॉचचा रंगतक्ता धरला. त्यावर एकाच रंगाच्या फिकट ते गडद ६ छटा असतात. ‘मागच्यापेक्षा बरी वाटते’ ऐवजी ‘२ वरून ३’ असे लिहिता येते.

निकाल

टॉर्च दोन आठवड्यांत उघडला. माँटिपोराला चोविसाव्या दिवशी कडेकडून रंग येऊ लागला आणि दहाव्या आठवड्यात तक्त्यावर ती मूळच्या छटेवर आली. ॲक्रोपोराच्या वरच्या तीन फांद्यांची टोके, सुमारे २ सेंटिमीटर, गेली. त्यांवर केसाळ शैवाल बसले. बुंधा जगला आणि मेलेल्या भागावर परत पसरू लागला. मश्रूम थोडे आकसले, झोआ जशा होत्या तशाच.

वेळापत्रक ९ आठवड्यांचे होते, लागले ११. पाचव्या आठवड्यात हॅमर मिटला म्हणून वाढ थांबवली. सहाव्यात कळले की पंपाची दिशा सरकून झोत थेट त्याच्यावर येत होता. सातव्यात ॲक्रोपोराची टोके पांढरी दिसली आणि पुन्हा थांबले. ती वाढीची टोके होती. वेगाने वाढणाऱ्या ॲक्रोपोराचे टोक फिकटच असते, आणि त्यावर बारीक कप उमटलेले दिसतात. दोन आठवडे वाया गेले म्हणायचे तर म्हणा, तेवढ्याने काही बिघडले नाही. दहाव्या आठवड्यात क्षारतेचा खप पहिल्यापेक्षा वाढला आणि सोड्याच्या जागी ठरावीक मात्रा आपोआप सोडणारा डोसिंग पंप आला.

वेगळे काय करता आले असते

हूड उतरवण्यापूर्वी १० जागांचे आकडे घेतले असते तर बाकीचे बहुतेक टळले असते. मीटर विकत घ्यायची गरज नाही. दिवे बदलायच्या आठवड्यापुरता क्लबकडून किंवा भाड्याने मिळतो.

मीटर नसेलच तर? तेव्हा ॲपचा सवय लावण्याचा कार्यक्रम वापरावा, पण तो काय करतो ते ओळखून. अशा कार्यक्रमात तुम्ही ठरवलेल्या वेळापत्रकाच्या काही टक्क्यांवर सुरुवात होते. इथे ६० च्या निम्म्याने, म्हणजे ३० टक्क्यांनी सुरुवात झाली असती तर २० सेंटिमीटरवरही २१५ च्या आसपास पडले असते आणि बहुधा भागले असते. पण वेळापत्रकच १०० टक्क्यांचे असते तर निम्म्यावरही ३५८. कार्यक्रमाला शेवटचा आकडा माहीत नसतो, तो आपणच चुकीचा दिलेला असतो.

बर्ड्‌सनेस्ट उजेडाने गेली की आयोडीनने, याचा ठाम निवाडा होणार नाही. माँटिपोरा त्याच उजेडात बुडवल्याशिवाय राहिली आणि जगली, एवढे समोर आहे. कीड डोळ्यांनी दिसल्याशिवाय फिकट प्रवाळ औषधात घालू नये, या मताचे आम्ही आहोत. तातडी वाटलीच तर एक छोटी फांदी तोडून तेवढीच बुडवून बघावी.

बदललेल्या बाष्पीभवनाचा अंदाज आधी येणे अवघड होते, पण दिवा बदलल्यावर पहिले दोन आठवडे क्षारता एक दिवसाआड मोजली असती तर ७.१ पर्यंत थांबावे लागले नसते.

बर्ड्‌सनेस्टची जागा तीन महिने रिकामी ठेवली. नवा फ्रॅग क्लबच्या एका टाकीतून आला, तिथे तो १२० पॅरवर वाढत होता. तो आधी वाळूवर, ८५ च्या जागी, १० दिवस. मग मधल्या कपारीत १५५ वर ३ आठवडे, तिथून २१० वर आणखी ३. या काळात प्लग नुसता भोकात खोचलेला. वरच्या खडकावर डिंकाने बसवायचे ते त्यानंतर, आणि त्याच्यासाठी दिवे १ टक्कासुद्धा हलवायचे नाहीत.